पालकांना खुर्ची नाही

क्षमा करणाऱ्या माणसांचं लोक फार कौतुक करतात. मला त्यांचा थोडा कंटाळा आहे. त्यातल्या अर्ध्या जणांनी क्षमा केलेली नसते, त्यांना नुसता विसर पडलेला असतो. उरलेल्यांची समोरच्याला जाब विचारायची हिंमत नसते. कांबळे मॅडमनी आयुष्यात कुणाला क्षमा केली असेल असं मला वाटत नाही. त्या डूख धरायच्या, आणि घरातलं शिवणयंत्र जपावं तसा तो तेलपाणी करून चालता ठेवायच्या. त्यांच्यावर माझा जीव आहे तो या डूख धरण्यापायी. भौतिकशास्त्र त्या उत्तम शिकवायच्या, पण ते काय, इतरही चार जण शिकवतात.

आमच्या कोल्हापूरच्या विद्यापीठात मी त्यांच्याच विभागात, त्यांच्या पुष्कळ मागून लागलो. बेताची उंची, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला काळी पर्स आणि पर्समध्ये गावाकडच्या भाजलेल्या काजूंची पुडी. गाव चंदगडकडचं. वर्गात शिकवताना त्यांची मराठी अशी धुऊन-पुसून ठेवलेली असायची की ही बाई मूळची कुठली याचा पत्ता लागू नये. पण उन्हाळा सरता सरता प्रवेश सुरू झाले आणि त्या प्रवेश समितीच्या खोलीत शिरल्या की 'नाही'चं 'न्हाय' व्हायचं, 'मी सांगते'चं, तिकडच्या बायका म्हणतात तसं, 'मी सांगतो' व्हायचं आणि आवाज व्हरांड्याच्या टोकाला जायचा.

"हितं माझं गाव बोलणार," त्या म्हणायच्या. "हितंच त्याला गप केलंतं."

याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

समितीचं काम काय, तर प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला समोर बोलावून त्याचा मुख्य विषय ठरवून घ्यायचा. आता त्याला 'मेजर' म्हणतात. पाच-दहा मिनिटांत ठरतो आणि आयुष्यभर पुरतो. या कामाच्या दिवसांत प्राध्यापक मंडळी बरोबर गायब होतात. कुणाची कंबर धरते, कुणाच्या भाचीचं लग्न निघतं. मॅडम मात्र दरवर्षी हे काम मागून घ्यायच्या आणि मदतीला मला ओढायच्या. खोलीत एक लांब टेबल. टेबलाच्या पलीकडे आमच्या दोघांच्या खुर्च्या. अलीकडे एकच खुर्ची, आणि ती विद्यार्थ्याची. बरोबर आलेले आईवडील, काका, मामा, सगळे उभे.

पहिल्याच वर्षी मी शहाणपणा करून शेजारच्या खोलीतून दोन खुर्च्या आणून ठेवल्या. मॅडमनी शिपायाला हाक मारली आणि त्या परत पाठवल्या.

"पालकांना खुर्ची न्हाय, शिंदे."

"मॅडम, लोक लांबून येतात. दमलेले असतात."

"म्हणूनच."

एवढंच. पुढं काही विचारायची सोय नव्हती.

उभ्या पालकांशी त्या बोलायच्या तेव्हा मी मान खाली घालून हसू दाबत असे. उचगावचे एक हार्डवेअरचे दुकानदार आले होते. पोट पुढं, हातात दोन मोबाइल. मुलगी खुर्चीत अंग चोरून बसलेली. गृहस्थांनी दारातूनच सुरुवात केली, "मॅडम, काँप्युटरच द्या. शेजारच्या पाटलाची पोरगी बी त्येच घेतीया."

"पावणं, शिकणार कोण?"

"पोरगी की."

"मग मगापास्नं तुमचं त्वांड का चालू हाय?"

"आता मी बाप हाय न्हवं मॅडम..."

"व्हय की. म्हणून तर आत घेतलंय. पाटलाला घेतलं न्हाय." मग मुलीकडं वळून, एकदम खालच्या सुरात, "बोल बाळा. पाटलाची पोरगी काय घेती ते मला म्हाईत हाय. तुझं सांग."

 मुलगी टेबलाकडं बघत म्हणाली, "भूगोल." बापानं कपाळाला हात लावला. मॅडमनी पर्स उघडली, काजू काढले आणि मुलीच्या तळहातावर ठेवले. स्वतःच्या तोंडानं स्वतःचा विषय सांगणाऱ्याला हे बक्षीस. पालकांना एकही नाही. त्या दुकानदारानं नंतर आपल्या मुलीच्या काजूकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला आजही आठवते.

एक शब्द मात्र त्या खोलीत कुणी उच्चारायचा नाही. 'झेपणार नाही.' एखादी आई काळजीनं म्हणायची, "गणित हिला झेपायचं न्हाय ओ मॅडम," की मॅडमचा चेहरा दगड व्हायचा. त्या बाईला त्या बाहेर पाठवायच्या आणि मुलीला गणिताबद्दल इतकं काही विचारायच्या की मला वाटायचं, आता या तिला गणित देऊनच सोडणार. तसं नसायचं. मुलगी स्वतः नको म्हणाली तर लगेच सोडून द्यायच्या. "तिनं म्हणू दे," त्या म्हणायच्या. "दुसऱ्यानं न्हाय."

त्यांच्या डूख धरण्याची कीर्ती कँटीनवाल्यामुळं झाली. मॅडम नव्या नोकरीवर रुजू झाल्या त्या दिवशी चहाला कँटीनमध्ये गेल्या. मालकानं, साडीवरून की रंगावरून कोण जाणे, त्यांना झाडलोट करणारी समजून हुकूम सोडला, "ए बाई, तेवढे कप धुऊन ठेव." मॅडमनी पदर खोचला, सगळे कप लख्ख धुतले, पालथे घातले, हात पुसले आणि टेबलाशी बसून म्हणाल्या, "आता त्यातल्याच एका कपात मला चहा द्या. मी इथं प्राध्यापक आहे."  मालकानं हात जोडून माफी मागितली. मॅडमनी ती ऐकून घेतली आणि बाजूला ठेवून दिली. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत चहा मागवताना त्या एकच वाक्य बोलत. "मालक, कप माझ्यासमोर धुवा. तुमच्या हातानं." हाताखाली चार पोरं आली, मालकाचे केस पिकले, तरी त्यानं उठून कप धुवायचा.

मी एकदा म्हटलं, "मॅडम, आता सोडा ना. म्हातारा झाला तो."

"मी झाले नाही का?" त्या म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

खुर्चीची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. प्रवेशाची फेरी संपली होती, वीज गेली होती, पंखा थांबलेला. उकाड्यात आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो. मी सहज म्हटलं, "आज एक आजी उभ्या उभ्या भिंतीला टेकल्या. मला बरं नाही वाटलं."  मॅडम खुर्चीकडं बघत बोलायला लागल्या ते त्या खोलीतल्या भाषेत.

"माझा बाप एस.टी.च्या डेपोत चाकं बदलायचा. बारावी सायन्सला मला मार्क पडले, तर त्येनं रजा काढली, इस्त्रीची कापडं घातली आणि मला घिऊन हितं आला. ह्याच खोलीत. तवा इनामदार सर समितीचं मुख्य होतं. शास्त्राकडचं मोठं प्राध्यापक. गोरंपान, गोड बोलणारं. आम्ही दारात उभं ऱ्हायलो, तर सर सोता उठलं. म्हणालं, या, बसा. माझ्या बापाला खुर्ची दिली. कपबशीतनं चहा दिला."

मला वाटलं, चांगलंच केलं की माणसानं.

"माझ्या बापाला तोवर कुठल्याच हापिसात कुणी बस म्हणालं न्हवतं. खुर्चीच्या कडंला बसला. कपबशी दोनी हातानं धरली. आणि सर म्हणालं, 'मुलगी हुशार आहे. पण फिजिक्स तिला झेपणार नाही. तिच्या भल्यासाठी सांगतो. तुमच्यातल्या मुलींना समाजशास्त्र बरं पडतं, नोकरी लवकर लागते.' मी मागं उभी. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. आणि माझा बाप म्हणाला, 'तुम्ही म्हणाल तसं, सर.' काय म्हणणार? ज्या माणसानं खुर्ची दिली, त्येला न्हाय कसं म्हणायचं? उभा असता तर भांडला असता रं. डेपोत सायबाशी भांडायचा. त्या खुर्चीनं घात केला."

म्हणून पालकांना खुर्ची नाही. खुर्चीत बसवलेला माणूस 'हो' म्हणतो.

वर्षभर त्या समाजशास्त्राच्या वर्गात बसल्या. "वाईट विषय न्हवता," त्या म्हणाल्या, "पण माझा न्हवता." मग ते सोडलं, एक वर्ष घालवलं आणि इचलकरंजीला मामाकडं राहून तिथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र घेतलं. मामा यंत्रमागावर कामाला, घर मागांच्या शेडला लागून. त्या खडखडाटात अभ्यास करायचा आणि ओरडून बोलायचं. मॅडमचा आवाज तिथला. पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला त्या परत आमच्या विद्यापीठात आल्या ते इनामदार सरांच्या समोर उभं राहायचं म्हणून. पाहतात तर सर पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या संस्थेत निघून गेलेले. उट्टं काढायला माणूसच जागेवर नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कोल्हापूरचा माणूस जातोय कुठं? म्हातारपणी येणारच माघारी. बंगला हाय हितं. आज ना उद्या कुणाला तरी घिऊन ह्याच दारातनं आत येणार."

तेव्हा मला कळलं, ही बाई दर उन्हाळ्यात हे काम का मागून घेते. मला शहारा आला. खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. इतकी वर्षं दबा धरून बसणं येरागबाळ्याचं काम नाही.

"आणि तुमच्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते काय म्हणाले? तुम्ही विषय सोडलात, वर्ष घालवलंत..."

मॅडमनी पर्स बंद केली. "वीज न्हाय येत आता. चल," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या प्रवेशफेरीत शिपायानं नाव पुकारलं, "इनामदार, सानिका." मी मॅडमकडं पाहिलं. त्या समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या, ते लिहून पूर्ण केलं. दारातून एक उंच, सडपातळ मुलगी आली आणि तिच्या मागून काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ. पांढरा शर्ट, पांढरे केस, गोरा रंग. धाप लागलेली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती त्या एकुलत्या खुर्चीवर येऊन थांबली.

मी सावरून बसलो. आता हे उभे राहणार. जोवर मॅडमच्या मनात असेल तोवर उभे राहणार. नातीचं होईल, मग मॅडम काहीतरी शोधत बसतील, मग कुठला तरी कागद मागतील, आणि म्हातारा काठीवर वाकत जाईल. पाहायला मी अगदी तयार होतो. असा योग पुन्हा येणार नव्हता.

मॅडम उठल्या. स्वतःची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ नेऊन ठेवली.

"या सर. बसा."

शुद्ध, स्वच्छ मराठीत. वर मला म्हणाल्या, "शिंदे, सरांना चहा मागवा. कपबशीतून."

माझं डोकं फिरलं. हेच का ते? आयुष्यभर जपलेला डूख पांढरे केस बघून विरघळला? मी तणतणत शिपायाला चहा सांगितला. इनामदार सर प्रसन्न झाले. "विद्यापीठात अजून ज्येष्ठांची कदर आहे म्हणायची," असं म्हणून त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

मॅडम उभ्याच राहिल्या आणि मुलीकडं वाकल्या. "बस बाळा. तुझा विषय सांग."

मुलीनं आजोबांकडं पाहिलं. "घरी सगळे फिजिक्स म्हणतात. पणजोबा, आजोबा, बाबा, सगळ्यांचं तेच होतं."

"त्या तिघांचे प्रवेश झालेत. तुझा राहिलाय."

चहा आला होता. सर बशीत ओतून फुंकर घालत होते. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मला समाजशास्त्र घ्यायचंय. मी आजीला विचारलं होतं, तू का नाही शिकलीस? ती म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. घराघरात असं का होतं, ते मला शिकायचंय."

 मॅडमनी काजूची अख्खी पुडी तिच्यापुढं ठेवली आणि सरांकडं वळल्या.

"सर, नात हुशार आहे. पण फिजिक्स तिला झेपणार नाही."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. सरांची बशी ओठाशी थांबली.

"अहो, मार्क बघितलेत का तिचे? आमच्या घरात तर..."

"तिच्या भल्यासाठी सांगते. समाजशास्त्र बरं पडेल."

सरांनी मॅडमकडं पाहिलं. खाली खुर्चीकडं पाहिलं. अर्ध्या चहाकडं पाहिलं. मॅडम खुर्ची देऊन स्वतः उभ्या होत्या, किंचित झुकून, आदरानं. असल्या बाईशी वाद घालायचा कसा? हुज्जत घालायला निदान उठून तरी उभं राहावं लागतं, आणि त्यांच्या एका हातात कप होता, एका हातात बशी. त्यांचा गोरा चेहरा लाल झाला, बशीतला चहा शर्टावर सांडला.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

मला टाळी वाजवावीशी वाटली. अजूनही तो क्षण आठवला की वाटते.

मॅडमनी त्यांना उठायला हात दिला. "मी चंदगडची, सर. कांबळे. माझे वडील असेच इथं बसले होते. तुम्हीच त्यांना खुर्ची दिली होती."

सरांनी डोळे बारीक करून आठवून पाहिलं, मग हसले. "असेल, असेल. मी सगळ्यांनाच देत असे." आणि मॅडमच्या डोक्यावर हात ठेवून, आशीर्वाद देऊन, काठी टेकत ते निघाले. मागून जाणाऱ्या नातीला मॅडम हळूच म्हणाल्या, "झेपणार न्हाय, ते तुला न्हवतं म्हटलं." मुलगी म्हणाली, "कळलं मला," आणि पुडी मुठीत धरून आजोबांच्या मागं गेली.

मी उसळलो. "मॅडम, त्यांना काहीच कळलं नाही! तुमचा मान घेऊन गेले ते!"

मॅडमनी आपली खुर्ची जागेवर आणली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच पाठ टेकून बसल्या.

"कळायला कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. "माझ्या बापाला तरी कुठं कळलंतं?"

निवृत्तीचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. "माझ्यावर भाषण करणाऱ्यातल्या कुणाकुणाचं काय काय माझ्या लक्षात हाय, ते सांगू का स्टेजवर?" म्हटल्यावर विभागप्रमुखांनी पुन्हा विषय काढला नाही. त्या चंदगडला वडिलांजवळ राहायला गेल्या. विभागात त्यांची पुस्तकं राहिली होती, ती घेऊन मी दिवाळीनंतर एस.टी.नं गेलो. मॅडमना पाहिलं ते तेव्हाचंच शेवटचं.

दोन खोल्यांचं घर, मागं भाताची कापलेली शेतं, अंगणात काजूचं झाड. पडवीत बाजेवर त्यांचे वडील बसले होते, हाडं आणि धोतर एवढंच उरलेले. बाजूला घरातली एकमेव खुर्ची. विद्यापीठातून आलो म्हटल्यावर त्यांनी हातानं खुर्ची झटकली.

"बसा की, सर. बसा. तुमच्या तितल्या इनामदार सरानं मला खुर्ची दिलती."

मी बसता बसता मॅडमकडं पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या.

"कपबशीतनं च्या दिलता," म्हातारा मोठ्यानं सांगत होता. "डेपोतल्या कुणाला बी खरं वाटंना. येवढा मोठा मानूस. आधी हिला दुसरंच कायतरी दिलतं, पर हिनं सांगितलं, सरानं सोता बोलावून बदलून दिलं. चिठ्ठी दिऊन इचलकरंजीच्या कॉलेजात फिजिक दिलं. त्येंच्यामुळं माझी पोरगी प्राध्यापक झाली. रोज दिवा लावताना त्येंचं नाव घेतो बघा मी. बुद्धाच्या म्होरं, बाबासायबांच्या म्होरं, त्येंचं बी नाव घेतो."

माझ्या हातातली पुस्तकं तशीच राहिली. त्या दिवशी वीज गेलेली असताना मॅडमनी ज्याचं उत्तर दिलं नव्हतं, ते हे होतं.

"रत्ना," म्हाताऱ्यानं मुलीला विचारलं, "ते कुठं भेटलं का गं तुला परत?"

"भेटलं की आबा. नातीला घिऊन आलतं."

"मग? खुर्ची दिलीस का न्हाय?"

"दिली."

"च्या?"

"च्या बी दिला. कपबशीतनं."

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. "बेस केलंस. लई उपकार हायत त्येंचं आपल्यावर."

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं. मी 'आबा' एवढं म्हणालोही असेन. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. प्रवेशाच्या खोलीत मध्येच बोलणाऱ्या पालकांकडं पाहायच्या, तसं. मी हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग त्या पुढं आल्या, वडिलांच्या पायावरची घोंगडी नीट केली.

"व्हय आबा," त्या म्हणाल्या. "लई उपकार हायत."

मला त्या खुर्चीत बसवेना. मी उठायला लागलो, तर म्हातारा ओरडला, "अवो सर, बसा की!" मी मॅडमकडं पाहिलं. त्या परत दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या होत्या.

"बस रे शिंदे," त्या म्हणाल्या. "त्यांनी खुर्ची दिलीय ना?"

मी बसलो.